क्रेटच्या तळचं फळ

मोसंबीच्या बागेत सकाळी शिरलं की आधी वास येतो, मग पायाला ओल लागते, आणि झाडं सगळ्यात शेवटी दिसतात. मला तरी तसंच आठवतं. धुकं असायचं, पाटाचं पाणी कुठंतरी वाजत असायचं आणि मी बागमालकाच्या मागं मागं छोटा चाकू घेऊन चालत असायचो. उक्ती बाग घेणं हा माझा धंदा. झाडावरचा सगळा बहार एका बोलीत विकत घ्यायचा. पुढं तोडणी, क्रेट, ट्रक, बाजार सगळं आपलं. बोली लावायच्या आधी मी पाच फळं चाखायचो, चार कोपऱ्यांतली चार आणि मधलं एक. मालक हमखास विहिरीजवळच्या झाडाखाली नेऊन उभा करतो. "घ्या सेठ, चाखा, साखर हाय साखर." मी मान डोलवायचो आणि तिथून निघून पार कुंपणाकडच्या मुरमाड तुकड्यात जायचो. मालकाचं तोंड तिथं उतरायचं.

फोड जिभेवर ठेवली की डोळे आपोआप मिटायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांना ते फळ पंधरा दिवसांनी कसं लागेल ते दिसायचं. हे कुणाला शिकवता येत नाही. आणि ही जीभ मला बापानं दिली नाही, भावानं तर नाहीच नाही, मी ती स्वतः कमावली, हे मी त्या काळात दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय राहत नसे.

शुगर निघून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. गोळ्या घ्यायचो. पथ्याचा छापील कागद फ्रिजवर चिकटवलेला होता, त्यावरची अक्षरं उन्हानं उडून गेली तरी मी तो वाचला नव्हता. वजन चौऱ्याण्णव किलो. त्याचा मला अभिमान होता. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला, हाडाची काडं झालेला पोरगा मी. औरंगाबादच्या बाजारात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझी बोली कुणी कानावरही घेतली नव्हती. पोट सुटलं तसं लोक ऐकायला लागले. त्या पोटाला कमी कर म्हणणारा प्रत्येक माणूस मला माझ्या दुकानाची पाटी उतरव म्हणतोय असं वाटायचं.

शेवटची दोन वर्षं तळपाय बधिर होत चालले होते. वेचलेल्या कापसाच्या ढिगावरून चालावं तसं. मला ते बरं वाटायचं. खडे टोचत नाहीत, गार फरशी लागत नाही, सकाळी हिमायतबागेत जुन्या आंब्यांच्या सावलीतून चार पावलं टाकली तरी जमिनीपासून वीतभर वरून चालल्यासारखं. बायकोला एकदा म्हणालो, "पायाखाली ढग आल्यासारखं वाटतंय."

तिनं निवडायची मेथी खाली ठेवली नाही. "ढगबिग काय नाय. डॉक्टरला दाखवा."

मी दाखवलं नाही.

आमच्या भागात बहाराची पहिली तोडणी असली की बाग घेणाऱ्यानं अनवाणी आत जायचं, पहिल्या झाडापाशी नारळ फोडायचा, पहिलं फळ आपल्या हातानं उतरवायचं. नारळ फुटला की बाकीचे व्यापारी चपला घालतात. मी घातल्या नाहीत. त्या वर्षीची बाग मोठी होती, मालक नाक वर करून बोलणारा होता, आणि मला त्याला दाखवायचं होतं की हा माणूस मातीतलाच आहे. सबंध बाग अनवाणी हिंडलो. मोसंबीच्या जुन्या फांदीला काटे असतात, ते वाळले की खिळ्यासारखे होतात. मला काही म्हणजे काही कळलं नाही. आठवतं ते एवढंच, की ऊन पानांतून गळून खाली सांडलं होतं आणि मी त्यातून चालत होतो.

घरी आलो, आत जाऊन झोपाळ्यावर बसलो. बायको दारात थबकली.

"फरशीवर कुणाचं रगत हाय हे?"

मी मागं बघितलं. दारापासून झोपाळ्यापर्यंत एकाआड एक लाल शिक्के उमटले होते. "मांजराचं असेल," मी म्हणालो.

"मांजराला असा आंगठा असतो व्हय?"

डाव्या पायाच्या आंगठ्याखाली काटा पार आत जाऊन मोडला होता. तो तिनं काढला, हळद भरली. दुखतच नव्हतं, म्हणून मी आठ दिवस घालवले. आठव्या दिवशी जखमेची कड काळी पडली आणि खोलीत वास यायला लागला. मग दवाखाना.

डॉक्टर माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची होती. तिनं पाय मांडीवर घेतला, एक्स-रे काढायला पाठवलं, परत आल्यावर तो उजेडाला धरून बघितला.

"काका, जंतू आत गेलेत. हाडापर्यंत अजून पोचलेले दिसत नाहीत. औषध देते, जखम साफ करत राहू. पण एवढ्या शुगरवर जखम भरत नाही. सहा आठवडे बघू. शुगर उतरली, वजन थोडं खाली आलं, तर आंगठा वाचेल. नाहीतर काढावा लागेल."

आंगठा गेला की चालताना तोल जातो, हेही तिनं सांगितलं. सांगायची गरज नव्हती. माझा सगळा धंदा बांधावरून चालण्याचा, पाटावरून उडी मारण्याचा. बाजारात गादीवर बसणारे व्यापारी वेगळे. मी तिथं बसलो तर दुसऱ्यानं चाखलेल्या मालावर बोली लावावी लागेल, म्हणजे लोकांसारखा एक होईन.

म्हणून मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली.

"भाकरी किती?"

"एका वेळी एक. छोटी."

"मी अडीच खातो. दोन करा."

"एक."

"दीड. तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या."

"काका, मी भाव सांगत नाहीये," ती म्हणाली. "आंगठा तुमचा आहे."

बायको शेजारच्या स्टुलावर होती. "डॉक्टर, ह्यांच्या नादी लागू नका. आमच्या लग्नात ह्यांनी वाजंत्रीवाल्यांशी एवढी घासाघीस केली, की त्यांनी ढोलवालाच आणला नाय. निस्ती सनई वाजली."

डॉक्टरनं एका कागदावर ताट काढलं. गोल. त्याचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबीर. पाव भाग डाळ, उसळ, नाहीतर अंडं. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. चहात साखर नाही. फळ खायचं तर एखादं, अख्खं, रस काढून नाही. मी बागांचं विचारलं. "एखादी फोड चाखा," ती म्हणाली, "पण सहा आठवडे तुम्ही बागेत जाणारच नाही आहात." जखमेवर भार द्यायचा नाही. पलंग ते संडास, एवढंच चालणं.

"चालायचंबी नाही आन् वजन कमी करायचं? ते कसं?"

"सध्या ताटातूनच कमी करायचं."

हे तिला माहीत नव्हतं, की माझ्यापुढं हे शब्द उच्चारायचे नसतात. त्याचं कारण सांगतो. थोरल्या भावाचं लग्न सोयगावच्या पुढच्या आमच्या गावात झालं तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. तीन दिवस मी पाणी वाहिलं, मंडपाचे खांब रोवले, शेवटी हात धुऊन पंगतीत बसलो. पत्रावळीवर बुंदी पडली होती, पिवळी, गरम. मी पहिला घास उचलला आणि नवरदेव भाऊ वरून म्हणाला, "ऊठ रं, ही पाव्हण्यांची पंगत हाय." सगळी रांग माझ्याकडं बघत होती. मी उठलो. माझी पंगत बसली तेव्हा बुंदी संपली होती. पुढच्या वर्षी मी गाव सोडलं. तेव्हापासून माझ्या ताटातला पदार्थ माझ्या मर्जीशिवाय कुणी कमी केलेला नाही. भावाशी मी कामापुरतं बोलायचो, तेही मयतीत आणि लग्नात.

तर, मी डॉक्टरला फसवायचं ठरवलं. असं ठरवून बसलो नव्हतो. पण दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी शुगर बघून जखम साफ करायची, हे कळल्यावर डोकं आपोआप चालायला लागलं. शनिवारी दुपारनंतर मी जेवण बंद करायचो. रविवारी पाणी आणि काळा चहा, गोळीही नाही. बायकोला सांगायचो, उपास धरलाय. सोमवारी आकडा असा सुरेख यायचा की डॉक्टर हसायची. "बघा, जमतंय तुम्हाला." मग सोमवार दुपार ते शनिवार दुपार दिवस माझे.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या घराला रस्त्यावर गॅलरी आहे. खाली हॉटेल. बायको चार वाजता देवळात गेली की मी कठड्यावरून दोरीला पिशवी बांधून सोडायचो आणि खालचा माणूस तीत गरम इमरती ठेवायचा. पिशवी वर येताना हलकी हलकी झुलायची. रस्त्यावरचा सगळा कालवा खाली राहायचा, रिक्षांचे हॉर्न, फळवाल्यांची ओरड, आणि त्यातून पाकाचा वास एकटा वर चढत यायचा. मी डोळे मिटून घ्यायचो. पायाला पट्टी, पाय स्टुलावर, मांडीवर कागदाचा तुकडा. त्या दुपारी मला फार सुखाच्या वाटायच्या, हे खोटं कशाला सांगू.

जखम मात्र भरत नव्हती. तिसऱ्या सोमवारी डॉक्टर पट्टी सोडून कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आज अजून एक रक्त घेते."

संध्याकाळी कागद आला. तिनं तो माझ्यापुढं सरकवला. "ही तपासणी सकाळच्या शुगरची नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांत रोज किती शुगर होती, त्याची सरासरी असते. आपण सुरुवातीला केली होती तीच ही. तीन आठवड्यांत थोडी तरी हलायला हवी होती. जागची हललेली नाही." आणि मग अगदी सहज, "तुम्ही फक्त तपासणीच्या आधी उपाशी राहता का?"

मला एकदम क्रेट दिसलं. मोसंबीचं क्रेट भरताना वरच्या थराला एकसारखी, चकचकीत, देठाची फळं लावतात; बारकी, डागाळलेली खाली जातात. तीस वर्षं मी ती तशी भरून घेतली. आणि दुसऱ्याचा माल घेताना, गप्पा मारत मारत, कोपरापर्यंत हात खाली घालून तळचं फळ उचलायची सवय मला होती. त्या क्षणी समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मी शेकडो वेळा बघितलं होतं. आपला होतो तेव्हा कसं वाटतं, हे पहिल्यांदा कळलं.

मी आवाज चढवला. "मी काय चोर हाय का?" बाहेरच्या बाकांवरची माणसं आत डोकावली. डॉक्टरनं कागद परत आपल्याकडं ओढला. मग तिनं विचारलं, "घरात अजून कुणाला शुगर आहे?"

"मला घरचं कुणी नाही."

"थोरल्या दिरांना हाय की," बायको म्हणाली. "आठ वरसं झाली. पण त्यांनी काबूत ठेवलीय. अंगावर मांस नाय, पण ठणठणीत."

मी तिच्याकडं बघितलं. मला हे माहीत नव्हतं. तिला कसं माहीत?

"वहिनींचा फोन असतो मला," ती म्हणाली. "तुमचं भांडण हाय. माझं कुठं हाय?"

घरी आल्यावर मी रागाच्या भरात जाहीर केलं, की घ्या, आता मी काहीच खात नाही. ताटातून कमी हवंय ना, ताटच नको. मंगळवारी सकाळचा नाश्ता परत पाठवला, दुपारचं जेवण परत पाठवलं. गोळ्या मात्र ह्या वेळी घेतल्या, त्या सवयीनं घेतल्या. ह्याच्यापेक्षा मोठा मूर्खपणा शुगरच्या माणसाला करता येत नाही, हे मला मागून समजलं.

दुपारी दोनच्या सुमाराला गॅलरीत बसलो होतो. आधी हात गार पडले. मग रस्त्यावरचा आवाज कुणीतरी उशीत गुंडाळल्यासारखा झाला. ऊन पांढरं होत गेलं, दुधासारखं, आणि त्या दुधात समोरच्या घरांच्या खिडक्या हळूहळू विरघळल्या. मला मेंढरांच्या घंटा ऐकू आल्या. औरंगपुऱ्यात मेंढरं कशी, हा प्रश्न पडला नाही. कळप गॅलरीच्या खालून चालला होता, लोकरीच्या लाटा, आणि त्यांच्या पाठीवरून सहज चालत पलीकडं जाता येईल असं वाटलं. मी उठायला लागलो. अंगाला घामाची धार लागली होती, तरी मला फार शांत वाटत होतं. इतकं शांत मी कधीच नव्हतो.

बायकोनं मागून धरलं. दातांवर चमचा आपटला आणि तोंडात गोड पाणी आलं. साखरेचं. नऊ वर्षं जी बाई माझ्या चहातली साखर बोटानं चाखून तपासायची, ती मला चमच्या-चमच्यानं साखर पाजत होती आणि शिव्या देत होती. "गिळा. गिळा म्हणते ना. आंगठा चुलीत जाऊ द्या. माणूस ऱ्हातो का नाय ते बघू दे मला आधी."

रस्त्याचा आवाज परत आला. मग तिनं वरणभात भरवला. फोनवर डॉक्टरनं तिला सगळं समजावलं, गोळ्यांचं प्रमाण बदललं, आणि माझ्यासाठी एकच निरोप दिला: गोळी घेतली की जेवायचंच, उपास अजिबात नाही.

"उद्या गावाला जायचं," बायको म्हणाली.

"मी नाही येत त्याच्या दारात."

"तुम्हाला कोण इचारतंय?"

जीपमध्ये मागच्या सीटवर पाय लांब करून मला आडवं घातलं. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरला. आडवं पडून घाट उतरताना रस्ता दिसत नाही, फक्त आभाळ वळतं. खाली उतरल्यावर कापसाची वावरं लागली, बोंडं फुटलेली, आणि मला वाटलं, मी दोन वर्षं ह्याच्यावरूनच चालत होतो.

भाऊ ओसरीत उभा होता. मी त्याला तीन वर्षांनी बघत होतो. पिळलेल्या दोरासारखा झाला होता, पण डोळे स्वच्छ, पाठ ताठ. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं आणि बाज पुढं ओढली.

दुपारी वहिनीनं ताटं आणली. दोघांची ताटं भावानं स्वतः वाढली. मेथीची भाजी भरपूर, काकडी, मुळा, मुगाची घट्ट डाळ, वाटीभर ताक. ज्वारीची भाकरी एक. पातळ, तीही पंज्याएवढी. मी टोपल्याकडं बघितलं. टोपल्यात अजून भाकरी होत्या. त्यानं टोपल्यावर फडकं टाकलं.

माझ्या डोक्यातली शीर तटकन उडाली. "अजून पंगतीतून उठवतोस का मला?"

"काय?"

"तुझ्या लग्नात उठवलंस. बुंदी वाढलेल्या पत्रावळीवरून. सगळ्या पाव्हण्यांदेखत."

भाऊ माझ्याकडं बघत राहिला. तो आठवायचा प्रयत्न करत होता, खरोखर करत होता, आणि ते बघून मला अजून संताप आला. "मी?" तो म्हणाला. "कवा?" मग वहिनीकडं वळला. "असं झालं व्हतं का गं?"

"मला काय इचारता? माझ्या तोंडावर मुंडावळ्या व्हत्या," वहिनी म्हणाली. "मला तुमचं तोंडबी नीट दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर बघितलं असतं काय करायचं ते." माझी बायको पदरात तोंड घालून हसली. "भावजी, बुंदीच पायजे व्हती तर सांगायचं. चाळीस वरसं पोटात ठिवली, मग शुगर व्हईल नाय तर काय."

त्याला आठवत नव्हतं. माझं अख्खं आयुष्य ज्या गोष्टीवर उभं राहिलं, ती त्याच्या लेखी झालीच नव्हती. त्यानं माफी मागितली असती तर मी ती फेटाळली असती, तेवढी माझी तयारी होती. विसरणाऱ्यासमोर काय करायचं, ते मला येत नव्हतं. मी त्याला माफ केलेलं नाही. आज हे लिहितानाही नाही.

पण मी जेवलो. आणि जेवताना, राग असूनही, मी त्याच्याकडं बघत होतो, कारण दुसरा माणूस काय करतो ते बघणं हाच माझा धंदा. तो आधी काकडी आणि भाजी संपवत होता. भाकरीला मधे हात लावत होता, तोही चिमटीनं. घास चावायला इतका वेळ लावत होता की माझं संपलं तेव्हा त्याचं अर्धं ताट शिल्लक होतं.

"भूक लागत नाय तुला?" मी विचारलं.

"लागती की. लई लागती. सुरवातीला तर रडू यायचं." त्यानं टोपल्याकडं मान हलवली. "दुसरी भाकरी मी नगं म्हणत नाय. तिला म्हणतो, चार वाजता खाऊ. फडक्यात गुंडाळून ठिवतो. चार वाजता कधी भूक ऱ्हाती, कधी नसती. असली तर चतकोर खातो, फुटाणे खातो. नसली तर म्हणतो, उद्या बघू."

उद्या बघू. कितीतरी बागांवर मी हाच शब्द टाकून उठलो होतो. बोली चढली की भांडायचं नाही, नको म्हणायचं नाही, उपरणं झटकायचं आणि उद्या बघू म्हणून बांधावरून चालू लागायचं. उद्यापर्यंत समोरचा नरमतो. हे मी सगळ्या जिल्ह्याला केलं, स्वतःच्या पोटाला कधी केलं नव्हतं. पोटानं जो भाव सांगितला तो मी आयुष्यभर निमूट देत आलो होतो.

आम्ही तिथं चार दिवस राहिलो. भाऊ सकाळी शेळ्या घेऊन जायचा, मी बाजेवर पाय वर करून पडायचो. आमच्यात फार बोलणं झालं नाही.

पुढचे दिवस मला एका लांबलचक दुपारीसारखे आठवतात. घरी परत आल्यावर बायकोनं गॅलरीची दोरी कापून कपडे वाळत घालायला बांधून टाकली. तीन वेळा जेवण, ठरलेल्या वेळी, डॉक्टरनं काढलेल्या त्या गोलासारखं ताट. मधल्या वेळेला मूठभर फुटाणे, नाहीतर ताक. चारच्या सुमाराला भूक यायची, पाय न वाजवता. मी तिला ओळखायला शिकलो. आधी ती चिडकी असते, मग लाडीगोडी लावते, मग थकून बाजूला बसते. ती बसली की डोकं स्वच्छ व्हायचं. उन्हाचे कवडसे भिंतीवरून सरकताना दिसायचे. मला कधी न आठवलेल्या बागा आठवायच्या, पाचोडकडची एक, पैठणच्या वाटेवरची एक, फुलोरा आलेला आणि मधमाश्यांचा एकसारखा सूर. खुर्चीत बसल्या बसल्या मी दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन वरखाली करायचो, तेवढाच व्यायाम मला परवानगीचा होता. बायको म्हणायची, "लेझीम चालू झालं."

दोनदा मी हरलो. एकदा शेजाऱ्यांकडच्या पुरणपोळीला, एकदा नुसत्याच रागाला. त्या दिवशी तोडणीवाल्यांनी माझ्याशिवाय माल उतरवला होता आणि मी तीन भाकरी खाल्ल्या. दोन्ही वेळा सोमवारी डॉक्टरला मीच आधी सांगितलं. तिनं लिहून घेतलं, ओरडली नाही.

वजन पाचव्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशीवर आलं. फार नाही, पण विजार दोरीनं बांधावी लागायची. दर सोमवारी दवाखान्यात नेणारा रिक्षावाला म्हणाला, "क्या सेठ, आधे हो गए! बीमार हैं क्या?" बाजारातही तीच कुजबूज होती, मला फोनवर कळायचं. सेठ गळाला. सेठ खचला. मला त्याचा राग येत होता आणि राग आला की पोटात काहीतरी टाकावंसं वाटत होतं, आणि मी ते उद्यावर टाकत होतो. जखमेचा तळ मात्र लाल झाला होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा. डॉक्टरनं मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला. इतकी सुंदर गोष्ट मी माझ्या शरीरात पहिल्यांदा बघत होतो.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी तिनं पट्टी सोडली आणि नवीन बांधली नाही. आंगठ्याखाली पातळ, गुलाबी, चकचकीत कातडी आली होती. तिनं बोटानं कडेकडेनं दाबून बघितलं.

"राहिला," ती म्हणाली.

बायकोनं माझा दंड धरला होता, तो सोडला. मी लगेच विचारलं, "मग बागेत कधी?"

"आधी डोळे मिटा." तिनं कपाटातून एक बारीक नायलॉनचा दोरा काढला, आखूड काडीसारखा. "ह्यानं मी पाऊल टोचणार. जिथं जाणवेल तिथं हो म्हणायचं. किती जाणवतंय त्यावर तुम्हाला कुठले बूट, किती चालणं, बाग की नाही, ते मी ठरवणार."

मी डोळे मिटले. खोली शांत होती. पंख्याचा आवाज, बायकोचा श्वास. आणि मला ऐकू यायला लागलं: डॉक्टर हात उचलायची तेव्हा तिच्या बांगडीचा अगदी बारीक आवाज व्हायचा, आणि मग ती थांबायची. त्या थांबण्यात ती टोचत होती. प्रत्येक आवाजानंतर हो म्हटलं असतं तर सगळी उत्तरं बरोबर आली असती. आठ दिवसांत मी बांधावर असतो. ओठांवर हो आलं होतं.

बांगडी वाजली.

"नाही," मी म्हणालो.

पुन्हा वाजली. "नाही."

आंगठ्याखाली, बोटांखाली, चवड्यावर ती टोचत असणार; माझं प्रत्येक वेळी नाही. इतके सलग नाही मी आयुष्यात कधी म्हटले नव्हते. मग टाचेच्या आतल्या बाजूला कुठंतरी, फार लांबून, कुणी दुसऱ्याच गावात दाराची कडी वाजवावी तसं काहीतरी झालं. मी थांबलो. वाट बघितली.

"इथं काहीतरी आहे," मी म्हणालो. "पण खात्री नाही."

"तसंच लिहिते," डॉक्टर म्हणाली, आणि कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मी डोळे मिटूनच बसून राहिलो.